व्हेग्रंटमध्ये स्वतःची कमांड: दोन तुकडे आणि तीन सवयी

आज बघूया व्हेग्रंटमध्ये आपली स्वतःची कमांड कशी घालायची. बसमध्ये ऐकत असाल तर कोडचं टेन्शन नको, फक्त रचना लक्षात ठेवा.

व्हेग्रंट म्हणजे व्हर्च्युअल मशीन उभी करणारं, सांभाळणारं टूल. मिचेल हाशिमोतो यांनी ते २०१० मध्ये आणलं. 'अप' म्हटलं की मशीन चालू, 'हॉल्ट' म्हटलं की बंद, 'डिस्ट्रॉय' म्हटलं की कायमचं गेलं. गंमत म्हणजे या कमांडसुद्धा आतून प्लगइनच आहेत. जे दार त्यांना, तेच आपल्याला!

समजा, तुम्हाला रोज मशीन पाडून पुन्हा नव्याने उभं करावं लागतं. त्यासाठी 'कोरं' नावाची कमांड हवी. रुबी भाषेत दोन तुकडे लिहायचे. पहिला नोंदणीचा: प्लगइनच्या क्लासमध्ये कमांडचं नाव सांगायचं. दुसरा कामाचा: कमांडच्या क्लासमध्ये 'एक्झिक्यूट' ही मेथड लिहायची. तिच्यात मशीनला आधी डिस्ट्रॉय, मग अप सांगायचं. झालं!

आता खरी गोम. कमांड कोणत्या मशीनवर चालणार? त्यासाठी 'विथ टार्गेट व्हीएमएस' नावाची तयार मेथड आहे. पण प्रोजेक्टमध्ये वेब आणि डेटाबेस अशी दोन मशीन असतील आणि तुम्ही नाव न देता 'कोरं' चालवलंत, तर ती दोन्हींवर चालते. डेटाबेसमधला डेटा फक्त त्या मशीनच्या आतच असेल तर तोही गेला.

म्हणून तीन सवयी लावून घ्या.

एक, 'सिंगल टार्गेट' हा पर्याय द्या. मग अनेक मशीन असताना नाव दिलं नाही आणि मुख्य मशीनही ठरवलेलं नसलं, तर कमांड एरर देऊन थांबते.

दोन, डिस्ट्रॉय करण्याआधी व्हेग्रंट 'नक्की?' असं विचारतं. तो प्रश्न दाबायची सोय आहे, पण दोन सेकंद वाचवायला ती वापरू नका.

तीन, शेवटी खरा निकाल परत करा. शून्य म्हणजे काम झालं. बिघडलं असतानाही शून्य दिलंत, तर तुमच्या कमांडवर विसंबलेली स्क्रिप्ट डोळे झाकून पुढे जाईल.

आणि हो, दुसऱ्याचं प्लगइन टाकताना त्याचा कोड आधी वाचा. ते व्हर्च्युअल मशीनच्या आत नाही, तुमच्या खऱ्या लॅपटॉपवर, तुमच्याच परवानग्यांनी चालतं.

पहिली कमांड करून बघायची असेल, तर फक्त मशीनची स्थिती छापणारी करा. चुकली तरी काही पडणार नाही. भेटू पुढच्या भागात!