यंदा काय वाचलंत?

15 ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस. 2015 पासून तो राज्यात वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. शाळेत मुलं आवडत्या पुस्तकाबद्दल बोलतात. आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीत हे मोठ्यांनीही करावं, असं मला मनापासून वाटतं. वर्षभरात वाचलेलं एक पुस्तक चारचौघांत सांगावं.

सुरुवात आपल्याच मातीतल्या लेखकापासून करा. कळंब तालुक्यातल्या हासेगावचे भास्कर चंदनशिव आणि त्यांची ‘लाल चिखल’ ही कथा. बाजारात टोमॅटोला भाव नाही आणि बाप स्वतः पिकवलेला माल पायाखाली तुडवतो. आपल्याकडे ही कथा समजावून सांगावी लागत नाही. ऐकणारा लगेच स्वतःच्या कांद्याचं, सोयाबीनचं बोलू लागतो.

जानेवारी 2020 मध्ये 93वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत भरलं. अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. तिथून आणलेली पुस्तकं कपाटात असतील तर बाहेर काढा. सगळं कथानक सांगत बसू नका. मनात राहिलेलं एकच पान वाचून दाखवा आणि ज्याला ऐकवलं त्याच्याच हाती पुस्तक द्या. पहिल्या पानावर आपलं नाव तेवढं लिहा.