फोटो दोन्ही भिंतीवर आहेत
(खुटबाव, ता. दौंड येथील महिला मेळाव्यात केलेलं भाषण)



आपल्याकडे बाई गेली की तेरावं व्हायच्या आत कुजबुज सुरू होते. पोरांकडं कोण बघणार, भाकरी कोण टाकणार? वर्षाच्या आत दुसरी येते. पहिलीला विसरलास का, असं त्याला कुणी विचारत नाही. बाप्या गेला तर तिच्याही घरात पोरं असतात, ऊस असतो, पाण्याची पाळी रात्रीची येते. पण तिच्या लग्नाचं नाव काढलं की सगळ्यांना एकदम गेलेल्याचं प्रेम आठवतं!

इथून केडगाव एकच स्टेशन. तिथलं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तुम्हाला ठाऊक आहे. रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन काढलं. पुढे ते पुण्याला आणि मग केडगावला आलं. मुंबईच्या त्या सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, देवरुखच्या जोशांची लेक. आठव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांत वैधव्य. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात तिनं धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केलं. कर्वेही विधुर. पत्नी राधाबाई १८९१ मध्ये वारलेल्या, पदरी मुलगा रघुनाथ. तिचं वैधव्य वीसेक वर्षांचं, त्यांचं दोन वर्षांचंही नाही. तरी कर्व्यांच्या गावानं, मुरूडनं, या लग्नापायी बहिष्कार घातला. विधुरानं लग्न केलं याचा राग नव्हता, विधवेशी केलं याचा होता.

कुणी म्हणेल, ही बामणांची गोष्ट, आमच्यात पाट लागतच होता. लागत होता, खरं आहे. पण कसा? रात्रीचा, गाजावाजा न करता. पाटाच्या बाईला लग्नाच्या बाईचा मान नाही, आणि पुष्कळदा दीरच पुढे केलेला. तिला कोण आवडतं, हे कोण विचारणार?

माझा पहिला नवरा गेला तेव्हा मी चौतीस वर्षांची होते. त्याच्या सदऱ्याचा वास जाईल म्हणून पेटी उघडायची भीती वाटायची. तीन वर्षांनी एका माणसाशी बोलणं वाढलं. तोही विधुर. त्याची बायको ठेचा कसा करायची, आजारपणात काय बोलायची, हेच तो सांगत बसायचा. मला हेवा वाटला नाही. याच्यापुढे मलाही माझ्या माणसाचं नाव घेता येईल, एवढं कळलं. आम्ही लग्न केलं. आज घरात दोन्ही फोटो भिंतीवर आहेत. पहिल्याच्या तिथीला मला रडू येतं, तेव्हा हाच चहा करून आणतो. दुसरं प्रेम पहिल्याच्या जागेवर बसत नाही, बायांनो. त्याला त्याची वेगळी जागा लागते.

आणि खरी भीती बहुतेक वेळा प्रेमाची नसतेच, सातबाऱ्याची असते. १८५६ च्या कायद्यानं विधवेला लग्नाची परवानगी दिली, पण लग्न केलं की नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क जाई. तीच गोष्ट अजून सांगतात. तो कायदा १९८३ मध्ये रद्द झाला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं नवऱ्याकडून मिळालेला हिस्सा बाईच्या पूर्ण मालकीचा झाला. पुढं लग्न केलं म्हणून तो जात नाही. सासऱ्याच्या वारशाबाबत एक अडथळा होता. सासरा मरण्याआधी सुनेनं पुन्हा लग्न केलेलं असेल तर तिला वाटा नसे. ते कलमही २००५ मध्ये काढलं.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला. फार चांगलं झालं. पण बांगड्या राहिल्या आणि फेरफारावर नाव राहिलं नाही, तर तिनं मन कुठं गुंतवायचं ते दीरच ठरवणार. म्हणून नवरा गेलेल्या बाईला आधी तलाठ्याकडे न्या, वारसनोंद करून घ्या, कोऱ्या कागदावर अंगठा देऊ देऊ नका. लग्न करायचं की नाही, ते तिचं ती मग सावकाश बघेल.