आधी पाहावे, मग हात लावावा



मंडळाने मला ‘जुन्या गाडीची घरगुती दुरुस्ती’ या विषयावर बोलायला सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण स्वतःच्या हाताने केलेले काम सांगायला हरकत नसावी, म्हणून उभी राहिले आहे.

आमची गाडी जुनी प्रीमियर पद्मिनी. ती कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीत आपण बसला असाल, तीच ही. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरताच ऑक्टोबर २०२३ मध्ये तिने रजा घेतली. आमचे मामंजी मुंबईला टॅक्सी चालवीत. गावी परतल्यावर त्यांनी स्वतःसाठी ही गाडी घेतली. रविवारी ते बॉनेट उघडून बसत आणि टॉर्च धरायला मला हाक मारीत. टॉर्च धरता धरता मी शिकले.

ते म्हणत, “सूनबाई, इंजिन म्हणजे चूलच. पेट्रोल हे जळण, हवा आपली हवा, आणि ठिणगी म्हणजे काडी. चूल पेटली नाही तर यांतले काय कमी पडले तेवढे पाहायचे.”

मामंजी गेल्यानंतर एके दिवशी गाडी सुरूच होईना. आम्ही घाईने नवी बॅटरी आणून बसवली. दुसऱ्या महिन्यात पुन्हा तेच. मग मी नीट पाहिले, तर बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी साचली होती. बॉडीला जोडलेली तार आधी सोडली, मग दुसरी. खाण्याचा सोडा गरम पाण्यात कालवून जुन्या दात घासायच्या ब्रशाने टोके घासली, पुसून कोरडी केली आणि तारा घट्ट बसवून वरून व्हॅसलिन लावले. गाडी एका चावीत सुरू झाली. जुनी बॅटरी बहुधा चांगलीच होती. पैसे फुकट गेले. दोष गाडीचा नव्हे, आमच्या उतावळेपणाचा. तेव्हापासून पाहिल्याशिवाय काही बदलायचे नाही, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असा मी नेम केला.

चावी फिरवल्यावर इंजिन गरगरत नसेल तर पुढचे दिवे लावून पाहावे. चावी फिरवताच ते पार मंदावले, तर बॅटरी किंवा तिची टोके पाहावी. इंजिन गरगरते पण पेट घेत नाही, तेव्हा इंजिन निवल्यावर एक प्लग काढावा. तो पेट्रोलने ओला असेल तर जळण पोचते आहे, ठिणगी पडत नसावी. कोरडा असेल आणि पेट्रोलचा वासही नसेल तर जळण पोचत नाही. काजळीने काळा असेल तर हवेपेक्षा पेट्रोल जास्त जाते आहे. गॅसची ज्योत पिवळी झाली की पातेल्याचे बूड काळे होते ना, तसेच. फिकट तपकिरी प्लग म्हणजे सगळे ठीक. पावसाळ्यात गाडी अडली तर आधी डिस्ट्रिब्यूटरचे झाकण आतून-बाहेरून कोरड्या फडक्याने पुसावे. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते.

मे २०२३ मध्ये आम्ही पुण्याहून साताऱ्याकडे येत होतो. भर दुपारी खंबाटकी घाटात गाडी थांबली. मागे सासूबाई, वय अठ्ठ्याहत्तर, उन्हाने कासावीस झालेल्या. हे घाबरून रेडिएटरचे झाकण उघडायला निघाले. मी त्यांचा हात धरला. शिटी न काढता कोणी कुकर उघडते का? आतले पाणी दाबाखाली उकळत असते. ते उसळले तर तोंड-हात भाजून निघतात.

आधी सासूबाईंना कठड्याच्या सावलीत बसवून पाणी पाजले. मग पाहिले. इंजिन गरगरत होते, पण पेट्रोलच्या पारदर्शक गाळणीत नुसते बुडबुडे. उष्णतेने नळीत पेट्रोलची वाफ झाली होती आणि पंप वाफ ओढू शकत नव्हता. बॉनेट उघडे ठेवले, पेट्रोलच्या पंपावर आणि नळीवर ओला नॅपकिन गुंडाळला आणि अर्धा तास थांबलो. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतले नाही. त्याने ओतीव लोखंडाला तडा जाऊ शकतो. अर्ध्या तासाने गाडी सुरू झाली. घाट उतरताना सासूबाई म्हणाल्या, “तुझ्या मामंजींनी टॉर्च फुकट नाही धरायला लावली.” मला तेवढे पुरे झाले.

आता काही पथ्ये. बॉनेटखाली वाकण्यापूर्वी सोन्याच्या बांगड्या उतरवाव्यात, कारण बॅटरीच्या दोन टोकांना धातू लागला की जबर ठिणगी पडून भाजते. पदर खोचावा, वेणी बांधावी. पंखा आणि पट्टा कोणाची गय करीत नाहीत. बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नये. धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये. ब्रेक आणि स्टिअरिंग यांचे काम जाणत्या मेकॅनिककडेच द्यावे. तेथे हट्ट नको.

एक गोष्ट नवी आहे. हल्ली पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या त्यासाठी केलेल्या नाहीत. त्या फुगतात, चिरतात. म्हणून दर महिन्याला नळ्या चाचपून पाहाव्या आणि नव्या घेताना इथेनॉल चालणाऱ्याच घ्याव्या. पेट्रोलचा वास आला तर चावी फिरवूच नये. आधी गळती शोधावी.

भगिनींनो, सगळ्याजणींनी मेकॅनिक व्हावे असे मी म्हणत नाही. पण घरात एखादे यंत्र अडले, म्हणजे आपण पदराला हात पुसत दाराशी उभ्या राहतो आणि “काय झाले?” म्हणून विचारतो. पुढच्या खेपेला दोन पावले पुढे जाऊन स्वतः पाहा. आणि घरात सून, मुलगी असेल तर तिच्या हातात टॉर्च द्या.