खापरीचा पत्ता : पन्हाळ्यावर जुनं काही सापडलं तर काय करायचं?

ज्यांना हेडफोन लावून ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'तर' थोडे कमी केलेत, बाकी जसंच्या तसं.

आज बोलायचंय जुन्या वस्तू गोळा करण्याबद्दल. नाणी, मातीची भांडी, कोरीव दगड, मूर्ती, असं सगळं. निमित्त तुमच्याच मेसेजचं. तिघाचौघांनी जवळपास एकच प्रश्न विचारलाय : "दादा, पन्हाळ्यावर फिरताना खापरीचा तुकडा सापडला, घरी आणला तर चालतो का?" एकाने तर थेट फोटो पाठवला. टेबलावर ठेवलेला दगडी गोळा, आणि खाली एकच ओळ, "भावा, किती मिळतील?"

किती मिळतील ते मी सांगणार नाही. पण त्या फोटोत जे नव्हतं, त्यावर आजचा अख्खा भाग आहे. फोटोत गोळा होता, टेबल होतं, मागे मोबाईलचा चार्जरसुद्धा होता. गोळा कुठे पडला होता, ते मात्र कुठेच नव्हतं.

आधी पन्हाळ्यावरून खाली कोल्हापुरात येऊ. वीसेक किलोमीटरचं तर अंतर. सीपीआरसमोरच्या टाऊन हॉल संग्रहालयात एक छोटी कांस्यमूर्ती आहे. वीतभरसुद्धा उंच नाही. तिच्यासमोरून बरेच लोक न थांबता पुढे जातात. ती मूर्ती पोसायडनची आहे, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची. रोमन काळात घडवलेली, जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीची. समुद्र कोल्हापूरपासून घाट उतरून पलीकडे. मग समुद्राचा ग्रीक देव पंचगंगेच्या काठी काय करत होता?

याचं उत्तर देता येतं, कारण ती मूर्ती कुठे सापडली ते माहीत आहे. ब्रह्मपुरीची टेकडी. १९४० च्या दशकात तिथे कांस्याच्या वस्तूंचा मोठा साठा सापडला. त्यात रोमन बनावटीच्या वस्तू होत्या आणि आपल्याकडच्याही होत्या. मग १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथे पद्धतशीर उत्खनन केलं. एकाखाली एक थर निघाले. वर बहमनी काळ, तिथे काचेच्या रंगीत बांगड्या. खाली सातवाहन काळ, तिथे विटांची घरं आणि नाणी. सगळं जोडल्यावर चित्र तयार झालं, की दोन हजार वर्षांपूर्वी इथे एक भरभराटीचं गाव होतं आणि कोकणातली बंदरं, घाटवाटा यांच्यामार्फत त्याचा धागा थेट रोमन जगापर्यंत पोचत होता.

आता समजा, ती मूर्ती कुणाला तरी एकट्यालाच सापडली असती, त्याने गुपचूप विकली असती आणि हातोहात फिरत ती लंडनच्या एखाद्या लिलावात गेली असती. तिथे चिठ्ठी काय लागली असती? "रोमन कांस्यमूर्ती, खाजगी संग्रहातून." बस्स. अशा मूर्ती युरोपात पुष्कळ आहेत, ही त्यातली एक झाली असती. मूर्ती तीच, धातू तोच, कारागिरी तीच. फक्त कोल्हापूर त्यातून गायब.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला हे लगेच समजतं. रात्री सर्व्हर पडतो आणि कोणीतरी एररची एक ओळ कॉपी करून ग्रुपवर टाकतं. वेळ नाही, कुठला सर्व्हर ते नाही, आधी-नंतरच्या ओळी नाहीत. एरर खरी असते, पण तिच्यावरून शोधणार काय? जुन्या वस्तूचंही तसंच. ती कुठे, किती खोल, कशाच्या शेजारी होती, हा तिचा पत्ता. वस्तू उचलली की पत्ता पुसला. तो परत लिहिता येत नाही. याला बॅकअप नसतो.

आता चला परत गडावर. पन्हाळा म्हणजे एकाच जागेवर साचलेली आठेकशे वर्षं. शिलाहार राजा दुसरा भोज, बाराव्या शतकाचा शेवट. मग बहमनी, मग आदिलशाही, तीन दरवाजावरचा फारसी शिलालेख त्याच काळातला. १६५९ मध्ये गड महाराजांकडे आला. १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा पडला. पुढे १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदांनी साठ मावळ्यांनिशी गड परत घेतला. नंतर करवीरची गादी, ताराराणींचा काळ. आणि १८४४ मध्ये गडकऱ्यांचं बंड, ज्यानंतर इंग्रजांनी चार दरवाजा पाडला.

तर आपल्या मित्राचा तो दगडी गोळा यातल्या कुठल्या काळचा? नुसता गोळा बघून सांगणं फार अवघड. पण समजा, तो तटाच्या कुठल्या बाजूला, किती अंतरावर, कसा रुतलेला होता ते नोंदलेलं असतं, तर? १६६० च्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनीसुद्धा जौहरच्या बाजूने पन्हाळ्यावर तोफा डागल्या होत्या, हे आपण शाळेपासून ऐकतो. त्या तोफा नेमक्या कुठून डागल्या? गोळे जिथे पडले तिथेच राहिले, तर त्यांचा नकाशा करून असल्या प्रश्नाच्या मागे लागता येतं.

हे माझ्या मनाचं नाही. अमेरिकेत लिटल बिगहॉर्न नावाची १८७६ ची रणभूमी आहे. १९८३ मध्ये तिथलं गवत आगीत जळालं, जमीन उघडी पडली. पुढच्या वर्षी संशोधकांनी गोळ्या आणि काडतुसांच्या टोप्या जागेवरच मोजून नकाशावर मांडल्या. त्यावरून एकेक बंदूक रणांगणावर कुठून कुठे गेली, इथपर्यंत माग काढला. प्रत्येक टोपी हातात घेतली तर भंगारच. जागेसकट घेतली तर साक्षीदार.

उलट उदाहरण हवं असेल तर मेक्सिको आणि ग्वाटेमालाकडे बघा. तिथली माया संस्कृती. त्यांची रंगवलेली भांडी, कोरीव शिलास्तंभ यांना जगभरच्या श्रीमंत संग्राहकांकडून प्रचंड मागणी. म्हणून चोरांनी जंगलातल्या थडग्यांत खड्डे खणले. काही ठिकाणी तर दगड न्यायला जड पडतो म्हणून करवतीने फक्त कोरलेला पुढचा भाग कापून नेला.

माया लोकांची हाताने लिहिलेली पुस्तकं जगात चारच उरलीत. त्यातलं एक १९६० च्या दशकात एका मेक्सिकन संग्राहकाने विकत घेतलं. सापडलं कुठे, तर म्हणे एका गुहेत. नोंद काहीच नाही. १९७१ मध्ये ते न्यूयॉर्कला प्रदर्शनात मांडलं, आणि लगेच वाद सुरू झाला : खरं की बनावट? २०१८ मध्ये मेक्सिकोच्या पुरातत्त्व संस्थेने ते अस्सल असल्याचं जाहीर केलं. साधारण अकराव्या-बाराव्या शतकातलं, म्हणजे आपल्या शिलाहारांच्या काळातलं. खरं पुस्तक असून त्याने जवळपास पन्नास वर्षं संशयात काढली. का? पत्ता नव्हता.

आणि एक गोष्ट खास तुमच्यासाठी, कारण तुमच्या खिशात कॅमेरा आहे. ग्वाटेमालात माचाकिला नावाची जागा आहे. इयन ग्रॅहम नावाच्या संशोधकाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या शिलास्तंभांची जागेवर जाऊन नोंद केली, फोटो काढले. नंतर त्यातला एक तुकडे करून चोरीला गेला आणि अमेरिकेत विक्रीला आला. ग्रॅहमची नोंद होती, म्हणून तो ओळखता आला. विकणाऱ्याला अमेरिकेच्या कोर्टात शिक्षा झाली आणि दगड ग्वाटेमालाला परत गेला. चोरीआधी जागेवर काढलेले फोटो इतके उपयोगी पडले!

आता कोणीतरी म्हणेल, "मग संग्रह करणं वाईटच का?" अजिबात नाही. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय बघा. दिनकर केळकर आयुष्यभर गावोगाव फिरले आणि दिवे, अडकित्ते, कुलपं, भांडी, वाद्यं असं लोकांच्या घरातलं जमवत गेले. साधारण वीस हजार वस्तू. आणि शेवटी सगळं महाराष्ट्र सरकारच्या हवाली केलं. आजीचा पानपुडा, पणजोबांचं कुलूप, कुणाचं होतं ते विचारून, लिहून जपा की! जमिनीखालून किंवा गडावरून उचललेली वस्तू ही वेगळी गोष्ट.

कायदा काय म्हणतो, थोडक्यात. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, नाणं, कोरीव काम हे सगळं पुरावशेष. घरी असणं गुन्हा नाही, पण दगड-धातूच्या मूर्तींची नोंदणी करावी लागते. विक्रीचा धंदा करायचा तर परवाना लागतो. खाजगी माणसाने परदेशी पाठवणं तर बंदच. आणि १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, शिवाय आपला हक्कही जातो. कळवलं तर? मूळ मालक मिळाला नाही, तर सापडवणाऱ्याचा वाटा कायद्यातच लिहिलाय. सरकारने वस्तू ठेवून घेतली, तर मालाच्या किमतीवर एक पंचमांश जास्त देण्याची तरतूद आहे.

पण खरी अडचण मला माहितीय. पन्हाळा हा नुसता बघायचा गड नाही, तिथे लोक राहतात. घरं आहेत, शाळा आहे, नगरपरिषद आहे. पायथ्याला शेती आहे. पाया खणताना, नांगरताना काहीतरी वर येतंच. आणि मग घरात कुजबुज सुरू होते : "गप्प बसा, कळवलं तर काम थांबेल. जागा जाईल." ही भीती खोटी म्हणून उडवून लावण्यात अर्थ नाही. संरक्षित वास्तूपासून शंभर मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदीच आहे, पुढच्या दोनशे मीटरला परवानगी लागते. माणसं या नियमांत अडकतात. २०२५ च्या जुलैत पन्हाळ्यासह बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा आनंदाबरोबर ही धाकधूकही गडावर होती.

मला एवढंच वाटतं, की वारसा सांभाळण्याचा सगळा भार पाया खणणाऱ्या घरावर टाकून चालणार नाही. कळवणाऱ्याचं काम महिनोन्‌महिने अडकलं, तर पुढचा कळवणार नाही. अधिकारी लवकर आला, नोंद करून मोकळं केलं, गावासमोर कौतुक केलं, तर दहा जण कळवतील. हे मागायचा आपल्याला हक्क आहे, आणि मागितलंही पाहिजे.

तोपर्यंत आपल्या हातात काय? गडावर काही दिसलं तर उचलू नका. फोनचं लोकेशन चालू करा. एक फोटो जवळून, शेजारी पेन ठेवून, म्हणजे आकार कळेल. एक लांबून, तट किंवा बुरूज दिसेल असा. तारीख आपोआप पडते. मग पुरातत्त्व खात्याला किंवा तहसील कचेरीत कळवा. नेमकी जागा इन्स्टावर टाकू नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी मेटल डिटेक्टर घेऊन कोणीतरी हजर. आणि ऑनलाईन ग्रुपवर "गडावर सापडलेलं ओरिजिनल" म्हणून काही विकायला आलं, तर घेऊ नका. खोटं असेल तर पैसे गेले, खरं असेल तर पत्ता गेला.

गोळा पाठवणाऱ्या मित्राला मी विचारलंय, की नेमका कुठे मिळाला ते आठवतंय का. आठवत असेल तर आजच कागदावर लिही, जमेल तसा नकाशा काढ आणि गोळ्यासकट खात्याकडे नेऊन दे. पुसट का असेना, पत्ता आहे तोवर त्या गोळ्याला बोलायला जागा आहे.

तुमच्या गावात, शेतात, घराच्या पायात असं काही निघालं असेल तर त्याची गोष्ट पाठवा. जागा सांगू नका, गोष्ट सांगा. आणि कोल्हापूरला आलात तर टाऊन हॉलमध्ये जाऊन त्या पोसायडनला दोन मिनिटं द्या. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!