ओझोन, वणवे आणि हिशेबातून वगळलेले दिवस

ओझोन म्हटले की अतिनील किरणांपासून पृथ्वीचे रक्षण करणारे आकाशातील कवच डोळ्यांसमोर येते. परंतु तोच वायू जमिनीलगत साचला म्हणजे अपायकारक ठरतो. श्वसनमार्गाचा दाह, दम्याचा उपद्रव आणि उभ्या पिकांची हानी हे त्याचे परिणाम होत. विशेष असे, की तो कोणत्याही धुराड्यातून थेट बाहेर पडत नाही. वाहने व कारखाने यांतून निघणारी नायट्रोजनची ऑक्साइडे आणि पेट्रोलसारख्या पदार्थांच्या सेंद्रिय वाफा यांवर कडक ऊन पडले, की हवेतच त्याची निर्मिती होते.

या वायूशी सर्वांत दीर्घ झुंज अमेरिकेतील लॉस एंजल्स शहराने दिली आहे. जुलै १९४३ मध्ये तेथे डोळे चुरचुरविणारे धुरकट धुके दाटले, तेव्हा शत्रूने विषारी वायू सोडला असावा, असे काही नागरिकांना वाटले. अननसाच्या सुगंधावर संशोधन करणारे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५० नंतर या धुक्याचे मूळ मोटारी व तेलशुद्धीकरण कारखाने यांच्या उत्सर्जनात असल्याचे सिद्ध केले. १९७० मध्ये हवा शुद्धीबाबतचा कडक कायदा आला आणि १९७५ च्या सुमारास नव्या मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागले. १९५५ मध्ये त्या शहरात हवेच्या एक अब्ज भागांत ओझोनचे पाचशेहून अधिक भाग नोंदले गेले होते. आज दोनशेचा आकडाही तेथे क्वचितच दिसतो. वाहने कित्येक पटींनी वाढूनही हे घडले, ही शासकीय चिकाटीची मोठीच फलश्रुती मानावी लागेल.

मात्र अलीकडच्या काळात या उतरत्या आलेखाच्या वाटेत वणवे आडवे आले आहेत. २०२० या एका वर्षात कॅलिफोर्नियात चाळीस लाख एकरांहून अधिक क्षेत्र आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. जळत्या लाकडातून ओझोनची दोन्ही मूलद्रव्ये, म्हणजे सेंद्रिय वाफा आणि नायट्रोजनची ऑक्साइडे, बाहेर पडतात. तरीही आगीच्या अगदी निकट ओझोन वाढतोच असे नाही. दाट धूर ऊन अडवितो, शिवाय ताजा नायट्रिक ऑक्साइड असलेला ओझोनही खाऊन टाकतो. खरी वाढ होते ती दूरवर. वाटेत नायट्रोजनचा काही भाग पॅन नावाच्या संयुगात जणू बांधून ठेवला जातो. थंड उंचीवरून उष्ण हवेत उतरताच तो मोकळा होतो. असा धूर मोटारींनी गजबजलेल्या शहरावर आला, की वणव्याच्या वाफा आणि शहराची ऑक्साइडे यांची गाठ पडते. ज्या शहराने आग पाहिलीही नाही, त्याची हवा बिघडते ती अशी.

येथेच हिशेबाचा प्रश्न उद्भवतो. अमेरिकेत २०१५ पासून आठ तासांच्या सरासरीची मर्यादा अब्जात ७० भाग अशी आहे. वर्षातील चौथ्या क्रमांकाचा सर्वाधिक दिवस घेऊन तीन वर्षांची सरासरी काढली जाते. म्हणजे धुराचे चार-पाच दिवसही एखाद्या जिल्ह्याला नापास करू शकतात. म्हणून वणव्याचे दिवस ‘अपवादात्मक घटना’ ठरवून गणनेतून वगळण्याची तरतूद नियमांत आहे. जी आग जिल्ह्याने लावली नाही तिचा दंड त्याला नको, हे न्याय्यच. पण दम्याच्या मुलाने तो दिवस श्वासातून वगळलेला नसतो. वणवे दरवर्षीचे होऊ लागल्यावर त्यांना अपवाद तरी किती काळ म्हणावे?

रसायनशास्त्राला देशाची सीमा नाही. महाराष्ट्राच्या वनांतही मोहफुले वेचणे सोपे व्हावे, तेंदूला नवी पालवी यावी किंवा गवत फुटावे म्हणून उन्हाळ्यात आगी लावल्या जातात, आणि हेच ओझोनला पोषक अशा कडक उन्हाचे दिवस. भारतात २००९ पासून आठ तासांसाठी दर घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम ही ओझोनची मर्यादा आहे. आगीची वर्दी आता उपग्रहाच्या साहाय्याने भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून मिळते. हिरव्या फांद्या घेऊन ती विझवायला धावतात ते वनरक्षक आणि गावकरी. त्यांच्या हवेत त्या दिवशी ओझोन किती होता, हे मोजणारी यंत्रे मात्र बहुतांशी शहरांतच उभी आहेत.