बिलावर एक नंबर जास्त लिहा



शिरूर तालुक्यात रांजणगाव, दौंड तालुक्यात कुरकुंभ. या दोन एमआयडीसींत पाट्या मोठ्या कंपन्यांच्या दिसतात. पण फॅब्रिकेशन, वेल्डिंग, दुरुस्ती अशी कामे चार-पाच माणसांची छोटी वर्कशॉप करतात. त्यांत आपलेही लोक आहेत.

रोजगार वाढवायचा म्हटले की सरकार कर्ज पुढे करते. पीएमईजीपी योजनेत ग्रामीण भागातल्या अल्पसंख्याक अर्जदाराला ३५ टक्के अनुदान आहे, पण ते मुख्यतः नव्या उद्योगाला. मे २०२० मध्ये टाळेबंदीत ३ लाख कोटींची कर्ज हमी योजना आली, तीही आधीपासून कर्ज असलेल्यांसाठी. व्याज नको म्हणून, किंवा बँकेने दारात उभे केले नाही म्हणून, ज्यांनी कर्ज घेतलेच नव्हते ते बाहेर राहिले.

चालू वर्कशॉप अनेकदा काम नाही म्हणून बंद पडत नाही. केलेल्या कामाचे पैसे अडकतात म्हणून पडते. बिल तीन महिने थकते, कामगाराचा पगार मात्र दर महिन्याला द्यावा लागतो. मग आधी एक पोरगा कमी होतो, नंतर दुसरा.

यावर २००६ चा एमएसएमई कायदा आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचे. उशीर झाला तर व्याजाचीही तरतूद आहे. ज्यांना व्याज घ्यायचे नाही, त्यांनी आपली मूळ रक्कम तरी हक्काने मागावी. ते कर्ज नाही, आपल्या घामाचे पैसे आहेत.

तुम्ही म्हणाल, तक्रार केली तर पुढची ऑर्डर जाईल. भीती खरी आहे. पण १ एप्रिल २०२४ पासून आयकर कायद्यात कलम ४३बी(एच) लागू झाले. मुदतीत पैसे दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट मिळत नाही. म्हणजे तुम्ही तोंड न उघडताही त्याचा अकाउंटंट त्याला आठवण करून देईल. त्यासाठी तुमची 'उद्यम' नोंदणी हवी आणि तो नंबर प्रत्येक बिलावर हवा. मात्र हे संरक्षण उत्पादन आणि सेवा देणाऱ्यांना आहे, निव्वळ व्यापाऱ्यांना नाही.

ही नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे. एजंटाला पैसे देऊ नका. आपल्यात लॅपटॉप चालवणारी मुले-मुली पुष्कळ आहेत. महिन्यातला एक रविवार शिरूरला, एक दौंडला बसू. मीही येईन.

आणि सरकारकडे एक मागणी करू. जिल्हा उद्योग केंद्र पुण्यात आहे. तिथे जायचे तर दिवसाचे काम बुडते. त्यांच्या अधिकाऱ्याने महिन्यातून एकदा दोन्ही तहसील कचेऱ्यांत बसावे. नवे दहा रोजगार जाहीर करण्याइतकेच, असलेले दहा टिकवणेही मोलाचे आहे.