डोंगरावरचे चाळीस दिवस

एक जाडजूड कादंबरी मी आयुष्यात दोनदा वाचली. पहिल्यांदा कॉलेजात असताना, ग्रंथालयातली पुठ्ठा सुटलेली इंग्रजी प्रत आणून. दुसऱ्यांदा गेल्या वर्षी, साठी उलटल्यावर. पुस्तक तेच होते. पण त्यातल्या एका बाईविषयीचे माझे मत पार बदलून गेले. आज त्याविषयीच थोडे बोलायचे आहे.

कादंबरीचे नाव 'मुसा दागचे चाळीस दिवस'. लेखक फ्रान्झ वेर्फेल. प्रागमध्ये जन्मलेला, जर्मन भाषेत लिहिणारा ज्यू साहित्यिक. १९३० च्या सुमारास तो दमास्कसला गेला होता. तिथल्या गालिच्यांच्या कारखान्यात त्याला कामावर लावलेली उपाशी, लुळीपांगळी मुले दिसली. ही कुणाची मुले, म्हणून त्याने विचारले. ती आर्मेनियन निर्वासितांची होती. ती मुले त्याच्या मनातून जाईनात, आणि कादंबरी तिथेच सुरू झाली.

१९१५ साली, पहिले महायुद्ध चालू असताना, ऑटोमन सरकारने आपल्याच आर्मेनियन प्रजेला घराबाहेर काढून सीरियाच्या वाळवंटाकडे चालवत नेले. वाटेत कत्तली झाल्या, भूक-तहानेने माणसे मेली. बळींचे अंदाज सहा लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत जातात. बहुतेक इतिहासकार याला वंशसंहार म्हणतात; तुर्कस्तानचे सरकार तो शब्द मान्य करत नाही.

भूमध्य समुद्राच्या काठी, अंताक्याजवळ, मुसा दाग म्हणजे मोशेचा डोंगर आहे. त्याच्या पायथ्याच्या आर्मेनियन गावांनाही जुलैच्या अखेरीस निघण्याचा हुकूम आला. काही लोक मुकाट्याने निघाले. चार हजारांहून अधिक माणसे मात्र शेळ्यामेंढ्या, धान्य आणि थोड्याफार बंदुका घेऊन डोंगरावर चढली आणि लढली. त्यांनी समुद्राच्या बाजूला मोठाली पांढरी निशाणे लावली. एकावर लाल क्रूस होता, दुसऱ्यावर संकटात असल्याचा मजकूर. सप्टेंबरमध्ये एका फ्रेंच युद्धनौकेने ती पाहिली, आणि ही माणसे इजिप्तमधल्या पोर्ट सईदला सुखरूप पोचली.

त्या लोकांच्या आठवणीत हा लढा ५३ दिवसांचा आहे. वेर्फेलने त्याचे ४० केले, कारण बायबलमध्ये कसोटीचा काळ चाळीस दिवसांचा असतो. नायकही त्याने कल्पनेतून उभा केला. गॅब्रिएल बाग्रादियान हा पॅरिसमध्ये वाढलेला, गाव जवळजवळ विसरलेला आर्मेनियन. त्याची बायको ज्युलिएट फ्रेंच, मुलगा स्टेफान. वडिलोपार्जित घरी आलेले हे कुटुंब युद्धामुळे तिथेच अडकते, आणि लोकांचे नेतृत्व गॅब्रिएलकडे येते.

गॅब्रिएलला इस्कुही भेटते. हद्दपारीच्या वाटेवर झालेल्या अत्याचारात तिचा एक हात निकामी झालेला असतो. दोघांमध्ये प्रेम जुळते. फारसे न बोललेले, न स्पर्शलेले. इकडे ज्युलिएट एका परक्या माणसाच्या नादी लागते. कॉलेजात वाचताना मला तिचा भयंकर राग आला होता. नवरा लोकांसाठी जीव पणाला लावतो आहे आणि हिला हे सुचते! इस्कुही मला देवता वाटली होती.

दुसऱ्या वाचनात मी ज्युलिएटपाशीच थांबलो. इस्कुहीचे दुःख तिच्या लोकांचे आहे. ते वाटून घ्यायला हजारो माणसे भोवती आहेत. ज्युलिएटचे काय? ती या लोकांपैकी नाही, तिला त्यांची भाषा नीट येत नाही, त्यांचा देश तिचा नाही. ती तिथे आहे ती केवळ एका माणसावर प्रेम केले म्हणून. आणि तोच माणूस आता आपल्या माणसांत परतून तिच्यापासून दूर गेला आहे. शेवटी मुलगा मारला जातो, नवराही जातो, आणि ती एकटी जहाजावर चढते. 'जगली, सुटली' असे आपण किती सहज म्हणतो! कशासाठी जगली, हे तिला कुणी विचारत नाही.

इतिहासाच्या पुस्तकात किती माणसे मेली आणि किती वाचली, ते मिळते. वाचलेल्यांच्या घरात काय मोडले, ते सांगायला कादंबरी लागते. अत्याचार करणारे दारात येण्याआधीच ते नवरा-बायकोमध्ये येऊन उभे राहतात, हे वेर्फेलने ओळखले होते.

पुस्तक १९३३ च्या अखेरीस निघाले आणि १९३४ मध्ये नाझी जर्मनीत त्यावर बंदी आली. पुढे वॉर्सा आणि बियालिस्टॉकच्या ज्यू वस्त्यांत कोंडलेली माणसे तेच पुस्तक वाचत होती. १९४० मध्ये वेर्फेललाही आपली बायको आल्मा हिच्यासह पिरेनीज पर्वत पायी ओलांडून फ्रान्समधून निसटावे लागले. आपल्याच कादंबरीतले दिवस त्याच्या वाट्याला आले म्हणायचे.

मुसा दागची माणसे युद्धानंतर गावी परतली होती. १९३९ मध्ये तो भाग तुर्कस्तानात गेला, तेव्हा बहुतेकांनी पुन्हा घर सोडले आणि लेबनॉनमध्ये अंजार हे गाव वसवले. डोंगराच्या पायथ्याशी वाकिफली हे एकच आर्मेनियन गाव उरले.

ही कादंबरी मिळाली तर जरूर वाचा. तरुण असाल तर इस्कुहीवर जीव जडेल. तो जडू द्या. ज्युलिएटसाठी मात्र पुस्तक पुन्हा एकदा हाती घ्यायची तयारी ठेवा.